जखमेवरचा मांडव

"आगए देखो, खाते नईं सो डाक्टरसाब!"

मटण मार्केटातला एक खाटीक शेजारच्या गाळ्यातल्याला म्हणाला आणि दोघंही हसले. मी फाटकाबाहेर सायकल धरून, रुमालात नाक खुपसून उभी होते, तरी मला ते स्वच्छ ऐकू आलं. काकांनाही आलं असणार. पण स्वतःबद्दल कुणी काही बोललं तर ते त्यांच्या कानाला लागतच नसे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, पांढऱ्याशुभ्र सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि हातात कडीचा डबा, अशा थाटात ते गाळ्यापाशी गेले आणि शेळीच्या मागच्या पायाच्या टाचेवरून जाणाऱ्या जाड पांढऱ्या शिरा निवडू लागले. भाजीवाल्याकडे भेंडी निवडावी तशी एकेक शीर वाकवून, ताणून, उजेडात धरून बघायची आणि मग डब्यात टाकायची. "साब, ये तो कुत्ते बी छोड देते," खाटीक म्हणाला. "कुत्र्यांना कळत नाही," काका शांतपणे म्हणाले आणि आणखी दोन निवडल्या.

सोलापुरात हट्टी माणसांची कधीच टंचाई नव्हती, पण जखमेवर रागावलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या बाबांचा हा मित्र. जखम भरत नाही म्हणजे काय, असं ते एखाद्या उर्मट विद्यार्थ्याबद्दल बोलावं तसं म्हणत. रस्त्यात कुणाच्या गुडघ्याला खरचटलेलं दिसलं, की ओळखपाळख नसताना थांबत, खाली वाकत, "कडेनं धरतंय, मधे अजून मनावर घेत नाही," असं त्या जखमेलाच सांगत आणि माणसाच्या तोंडाकडे न बघता पुढे निघून जात. एकदा टॉवेलवाल्या दुकानातल्या मुनीमाच्या बोटाला चिंधी बांधलेली होती. आम्ही चादर घ्यायला गेलो होतो. काकांनी आधी चिंधी सोडवली, बोट धुवायला लावलं, नवी पट्टी बांधली, आणि चादर न घेताच आम्ही परत आलो. चादरीचं त्यांना घरी आल्यावर आठवलं.

ते गुरांचे डॉक्टर होते. तीस वर्षं जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत त्यांनी बैलांचे खांदे, म्हशींचे सड आणि शेळ्यांचे खूर सांभाळले. शिंग मोडलं, लावा डांबर. खांदा सोलला, लावा डांबर. जखमेत किडे पडले, आधी टर्पेंटाईन आणि मग डांबर. "मी आयुष्यात जखमांवर जेवढं डांबर फासलं," ते म्हणायचे, "तेवढ्यात अक्कलकोटपर्यंत रस्ता झाला असता, आणि त्याचा जास्त उपयोग झाला असता." दुष्काळाच्या दोन वर्षांत छावणीतल्या जनावरांच्या न भरलेल्या जखमा बघून त्यांचा हा राग पिकला. निवृत्त होऊन ते आमच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहायला आले तेव्हा बायको जाऊन पुष्कळ वर्षं झालेली होती, मूलबाळ नव्हतं, आणि सामानात कपड्यांपेक्षा काचेची भांडी जास्त होती. त्याच सामानात एक जुनं इंग्रजी मासिक होतं. परदेशात कुठे तरी जनावरांच्या शिरांपासून स्पंज करून जखमांवर लावतात, असा त्यात एक लेख होता.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली आणि तेव्हा बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेतलेली, म्हणून तो लेख वाचून दाखवायला माझी नेमणूक झाली. आणि मी फारशी बोलत नसे, म्हणून बाकी सगळ्या कामांनाही झाली. काकांनी मला विचारलं वगैरे नाही. एके दिवशी अंगणातून "असिस्टंट!" अशी हाक आली आणि मी गेले, एवढंच. लेखातले इंग्रजी शब्द मला कळायचे, पण ते मराठीत सांगायचे म्हटले की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. मग काकाच मला समजावून सांगत. "कापूस जखमेला नुसता झाकतो. हा स्पंज मांडव घालतो, मांडव. दोडक्याच्या वेलाला घालतो तसा. आपण मांडव घालून गप्प बसायचं. मांस आपलं आपण त्यावर चढतं, आणि चढता चढता मांडव खाऊन टाकतं. खाली बघावं तर मांडवही नाही आणि जखमही नाही." हे सांगताना ते दोन्ही हातांची बोटं अशी चढवत न्यायचे, की पुढे परीक्षेत हा भाग आला तेव्हा उत्तर लिहिण्याआधी माझी बोटं बाकावर चढू लागली.

स्पंज करायचा म्हणजे शिरांवरची चरबी काढायची, त्या मिठाच्या पाण्यात धुवायच्या, बारीक कापायच्या, थंड ॲसिडच्या पाण्यात फुगवायच्या, घुसळून त्यांची खळ करायची, ती खळ ताटलीत गोठवायची आणि गोठलेली असतानाच, वितळू न देता, वाळवायची. लेखात हे सगळं सहा ओळींत झालं होतं. आम्हाला दोन वर्षं लागली. गोठवायला बर्फाच्या कारखान्यातून गोणपाटात गुंडाळलेला बर्फ यायचा आणि त्यात खडेमीठ. वाळवायला काचेचा एक घुमट आणि त्यातली हवा ओढून घ्यायला कॉलेजनं मोडीत काढलेला पंप होता. तो यंत्रमागावरच्या एका मेकॅनिकनं दुरुस्त करून दिला होता, त्यामुळे तो मागासारखाच खटाखट वाजायचा. सलग दीड दिवस पंप चालला तर स्पंज व्हायचा. पण त्या काळी सलग दीड दिवस वीज कुठली असायला! वीज गेली की घुमटातला बर्फ वितळायचा आणि ताटलीत उरायचा तो चिकट सरस. असा सरस अकरा वेळा झाला. गल्लीतला सुतार तो आनंदानं घेऊन जायचा. म्हणायचा, डॉक्टर, असला सरस बाजारात मिळत नाही बघा. बाराव्या खेपेआधी काकांनी वीज मंडळाला अर्ज लिहिला. "लिही, असिस्टंट. 'आपला कृपाभिलाषी' नको, आपल्याला कृपा नको आहे. लिही, आपण वीज कधी घालवणार ते आधी सांगून घालवावी. घालवायला आमची हरकत नाही. न सांगता घालवायला आहे."

न सांगता काही करायला त्यांची एकूणच हरकत होती. खळ गोठवायला पहिल्यांदा त्यांनी आईचा आईस्क्रीमचा पॉट नेला होता. दुसरा कुणी असता तर घासून परत आणून ठेवला असता. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नव्हतं, पण पॉटला काही तोंड नव्हतं. काका मात्र नवा कोरा पॉट घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, तुमचा तो आता माझा. त्यात शेळी होती." आईनं "अय्यो शिवने" म्हणून कपाळाला हात लावला आणि त्या वर्षी कुणालाच आईस्क्रीम मिळालं नाही.

पंप मिळण्याआधी ते स्पंज उन्हात वाळवून बघत होते. चैत्रातले दिवस. आमच्या गच्चीवर आईच्या कुरडया वाळत होत्या आणि त्यांच्या शेजारी, तसल्याच मलमलीखाली, काकांच्या पांढऱ्या जाळीदार चकत्या. शेजारच्या मावशी आईला विचारून कुरडया घ्यायला वर आल्या आणि चुकून काकांचं फडकं उचललं. घरी जाऊन त्यांनी तळल्या. कुरडईपेक्षा सरस फुलल्या. एक त्यांनी चाखूनही पाहिली आणि कौतुकानं भिंतीवरून आईला ओरडून सांगितलं, "यंदाचा चीक लई चांगला निघालाय हं!" काका तेव्हा खाली अंगणात होते. आई त्यांच्याकडे बघून जिवाच्या आकांतानं मान हलवत होती, नका, नका म्हणून. गिळून झालं होतं, कुणाला कधी कळलं नसतं. काकांनी भिंतीपाशी जाऊन मावशींना नीट, सावकाश, शेळीच्या कुठल्या पायाची कुठली शीर, ते सगळं सांगितलं. मग, आता एवढं झालंच आहे तर, ती तेलात किती पट फुलली तेही विचारलं. मावशींनी डोक्यावरून अंघोळ केली, तीन दिवस उपास धरला आणि दीड वर्ष आमच्या घराकडे पाठ करून तुळशीला पाणी घातलं.

"सांगायची काय गरज होती रे?" बाबा वैतागून म्हणाले.

"त्यांच्या पोटात गेलंय ना? मग माझ्या पोटात कशाला ठेवू?"

हा त्यांचा कायदा बैलांनाही लागू होता. गळिताच्या हंगामात, एका रविवारी, आम्ही एसटीनं श्रीपूरकडे गेलो. साखर कारखान्याबाहेर ऊसतोडणीवाल्यांच्या खोपी पडल्या होत्या. जुवाखाली खांदा सोललेला एक बैल काकांनी आदल्या आठवड्यात हेरून ठेवला होता. त्याआधीच्या तीन बैलांवर स्पंज चार दिवसांत विरघळून वाया गेला होता. म्हणून या वेळी त्याला फॉर्मलिनची वाफ देऊन, मग धुऊन, टिकाऊ केलेला होता. बैलाचा मालक काळाभोर, उमदा गडी. स्पंजाचा तुकडा बोटानं दाबून तो म्हणाला, "ह्ये काय हाय वो, डाक्टर?"

"शेळीच्या पायाची शीर."

"आन् ती माज्या बैलाच्या खांद्यात बसवनार व्हय?"

"ठेवणार. बैल त्यावर स्वतःचं मांस चढवेल आणि ही विरून जाईल."

"मंजी बैल शेळी खानार?"

"खांद्यानं."

गडी जरा विचारात पडला. मग मोठ्यानं हसला. "लावा की मग! तोंडानं खात न्हाय तवर आमचं काय म्हननं न्हाय."

मला वाटलं, झालं. पण काका बैलाच्या तोंडाशी गेले, त्याच्या कानाशी वाकले आणि त्यालाही सगळं सांगितलं, मराठीत आणि मग खात्रीसाठी कानडीत. मालकाची बायको कमरेवर हात ठेवून बघत होती. "काय सांगत्यात वो त्येला?"

"काय लावतोय ते. जखम त्याची आहे."

"आन् त्यो व्हय म्हनला का?"

"कान हलवला," काका म्हणाले आणि पिशवी उघडली.

तिसऱ्या आठवड्यात त्या खांद्यावर गुलाबी मांस कडेपासून मध्यापर्यंत आलेलं होतं. काका बैलासमोर उकिडवे बसून अर्धा तास नुसते बघत राहिले. परत येताना एसटीत ते एक शब्द बोलले नाहीत आणि मला वाटलं, हा माणूस बहुतेक आनंदात आहे.

त्यांना आनंद झाला की दुसऱ्यांना त्रास व्हायचा. एकदा वैरागहून मला बघायला पाहुणे आले होते. मी खाली मान घालून बसलेली, मुलगा घड्याळाकडे बघत बसलेला. काकांना घरातलं वडीलधारं माणूस म्हणून बोलावलं होतं. त्यांच्या खिशात त्या दिवशी नुकताच निघालेला, आतापर्यंतचा सगळ्यात हलका स्पंज होता, आणि तो किती पाणी पितो ते बघायचा त्यांना मोह आवरेना. मुलाच्या वडिलांनी चहा बशीत ओतला. काकांनी "एक मिनिट हं," म्हणून तुकडा बशीत टाकला. बशी कोरडी! पाहुणे खूश झाले. "वा! कसला म्हणायचा हा स्पंज?" बाबांनी डोळे मिटून घेतले. काकांनी सांगितलं. वैरागला परत गेलेल्या पाहुण्यांकडून पुढे काही आलं नाही. बाबा महिनाभर काकांशी बोलले नाहीत. मी नेहमीसारखी गप्पच होते. फक्त त्या आठवड्यात काकांच्या प्रयोगांचे तुंबलेले सगळे तक्ते मी न सांगता लिहून काढले. घड्याळाकडे बघणारा तो मुलगा मला मुळीच आवडला नव्हता.

हे सगळं हसण्यावारी नेता येईल असं होतं, त्या चैत्रापर्यंत. कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजत होता आणि आई तो पातेल्यात घोटत होती. पातेलं कललं. तापलेला चीक पाण्यासारखा ओघळत नाही, चिकटून बसतो. आईचं डावं पाऊल बोटांपासून घोट्यापर्यंत भाजलं. तिला मधुमेह होता. वैशाख गेला, पावसाळा लागला, मलमं बदलली, इंजेक्शनं झाली, तरी पाऊल भरेना. काका रोज सकाळी येऊन जखम बघायचे आणि पहिल्यांदाच जखमेशी काही बोलत नव्हते. श्रावण लागला तेव्हा आमच्या डॉक्टरांनी बाबांना बाहेरच्या खोलीत नेऊन सांगितलं, "माझ्याकडचं सगळं करून झालंय. बोटं काळवंडायला लागली तर काढावी लागतील. कदाचित पाऊलही. तुमच्या मित्राचा तो स्पंज मी त्यांच्याबरोबर जाऊन बैलाच्या खांद्यावर बघितलाय, त्यांनी दिलेला लेखही वाचलाय. लावून बघायला माझी हरकत नाही. लावताना मी समोर असेन. पण उशीर नको."

काका कोपऱ्यात उभे होते. दोन वर्षं ते या वाक्याची वाट बघत होते, आणि ते आलं ते वहिनींच्या पायावरून आलं.

"उद्याच लावू," ते म्हणाले. "मी वहिनींना समजावून सांगतो."

"काही सांगायचं नाही," बाबा म्हणाले. "श्रावण चाललाय. पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नाही ती. शेळी म्हटलंस तर पाय देईल, पण हे लावून घेणार नाही. मी तिला परदेशी कापूस म्हणून सांगणार आहे."

"कापूस नाही तो."

"मला माहीत आहे रे, कापूस नाही ते!"

"मग?"

"मग काय मग! तिचा पाय जातोय आणि तू मला व्याकरण शिकवतोस?"

"पाय त्यांचा आहे," काका म्हणाले. "मी बैलाला विचारलं. वहिनींना न विचारता कसं लावू?"

बाबा आयुष्यात कधी काकांवर ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले. "सांगणार असलास तर या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नकोस!" काकांनी मान हलवली, बाहेर जाऊन चपला घातल्या, आणि दहा पावलं जाऊन परत आले. मला वाटलं, विरघळले. पण ते छत्री विसरले होते.

दुसऱ्या दिवशी चार वाजता डॉक्टर यायचे होते. साडेतीनला काका आले आणि गल्लीच्या पलीकडच्या भिंतीशी उभे राहिले, उंबऱ्यापासून चांगले वीस फूट लांब. सांगितलेलं ते अक्षरशः पाळत. मला त्यांनी खुणेनं बोलावलं. काचेच्या बरणीत, आम्ही केलेल्यांतला सगळ्यात चांगला स्पंज होता. आषाढात तीन दिवस वीज गेली नव्हती, तेव्हाचा. "असिस्टंट, यातला निम्मा तुझा आहे," ते म्हणाले. "डॉक्टर आहेत, तू आहेस. माझ्या हातावाचून काही अडलेलं नाही. वहिनींना सांग असं मी तुला म्हणणार नाही. तुझ्या बाबांचं घर आहे. फक्त न सांगता लावलंत तर मला कळवू नकोस. वहिनी मला विचारतील आणि मी सांगून बसेन." मग बरणीचं झाकण त्यांनी पुन्हा एकदा घट्ट केलं, ते आधीच घट्ट होतं तरी.

बाबा बाहेरच्या खोलीत, दाराशीच खुर्ची टाकून वर्तमानपत्र धरून बसले होते. मी जवळून जाताना वर्तमानपत्रामागून म्हणाले, "परदेशी कापूस. मी सकाळीच सांगून ठेवलंय. तुला काही बोलावं लागणार नाही." आयुष्यभर मला याच एका वाक्यानं दिलासा दिलेला होता. तुला काही बोलावं लागणार नाही. त्या दिवशी मी ते ऐकलं आणि बरणी घेऊन आत गेले.

आई पलंगावर पाय उंच करून पडली होती. तिनं बरणीकडे बघितलं. "हाच का तो कापूस?"

इंग्रजीत सांगायचं असतं तर कदाचित सोपं गेलं असतं. इंग्रजीत शेळी जरा लांब उभी राहते. आईच्या भाषेत ती थेट पलंगापाशी येऊन उभी राहणार होती.

"कापूस नाही," मी म्हणाले. "शेळीच्या पायाची शीर आहे." हे इतक्या हळू, की आई म्हणाली, "काय?" मग मला ते सगळं पुन्हा सांगावं लागलं. मार्केटातलं, बर्फातलं, मांडवाचं. माझी बोटं चादरीवर चढत होती.

आईनं बरणी हातात घेऊन उजेडात धरली. मग म्हणाली, "यासाठी मारली?"

"नाही. खाणाऱ्यांनी खाल्ली. हे उरलेलं."

"वाटलंच मला," ती म्हणाली. "चार महिने भाऊजी रोज येऊन पायाशी बसतात. आज एवढा परदेशी कापूस आला आणि भाऊजीच नाहीत, तेव्हाच म्हटलं, यात काहीतरी आहे. आहेत कुठे ते?"

"गल्लीत उभे आहेत. बाबांनी आत येऊ नका म्हणून सांगितलंय."

"का?"

"ते तुला सांगतील म्हणून."

आई हसली. चैत्रापासून पहिल्यांदा. हसताना पाय हलला आणि कळ आली, तरी हसत राहिली. "फसवून लावलं असतं ना, तर कळल्या दिवशी ओरबाडून काढलं असतं मी," ती म्हणाली. मग तिनं गळ्यातल्या लिंगाला हात लावला. "त्या शेळीचं मी बघेन. रोज दोन वेळा नाव घेईन तिचं. पाय माझा आहे, श्रावणही माझाच आहे. जा, भाऊजींना बोलाव. लावायचं तर त्यांच्या हातानं."

काका गेल्या उन्हाळ्यात गेले. त्यांच्या स्पंजाला कुणी कारखाना काढला नाही, कुणी पेटंट घेतलं नाही. पत्रांची उत्तरं आली ती बहुतेक आपला पत्रव्यवहार योग्य त्या विभागाकडे पाठवल्याची. मागच्या खोल्यांत आता नवे भाडेकरू आहेत, आणि दुपारी पंपाची खटखट नसल्यामुळे आईला झोप लागत नाही, असं ती म्हणते. ती पायात चप्पल घालून मंदिरापर्यंत चालत जाते. डाव्या पावलावर एक फिकट, गुळगुळीत चट्टा आहे. बर्फाच्या कारखान्यातला माणूस मला रस्त्यात भेटला की अजून विचारतो, बर्फ पाठवू का म्हणून, आणि मग त्याला आठवतं. काकांच्या वह्या मी लावून ठेवल्या आहेत. अकरा सरसांचे अकरा तक्ते आहेत, प्रत्येकाखाली त्यांच्या अक्षरात 'पुन्हा' एवढंच लिहिलेलं.

पण डोळ्यांसमोर येतात ते त्या दुपारचे काका. मी आईच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा ते भिंतीशी, ऊन नसताना छत्री उघडून उभे होते आणि आमच्या दाराकडे न बघण्याचा फार प्रयत्न करत होते. बाबा दाराशी, वर्तमानपत्र तोंडासमोर धरून. मी गल्ली ओलांडून गेले असते तर मला ते हळूच सांगता आलं असतं. आतापर्यंत मी सगळं तसंच सांगत आले होते. मी उंबऱ्यावर उभी राहिले. शेजारच्या मावशी तुळशीपाशी होत्या, सुतार रंधा मारत होता, डॉक्टरांची स्कूटर कोपऱ्यावर वळत होती, आणि माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

"काका, आत या! आईला मी सगळं सांगितलंय!"